नावेतल्या हवेचे मिस्त्री

“आज लय गरम हाय,” असं कुणी म्हटलं तर आमचे मिस्त्री लगेच हो म्हणत नसत. “बगून सांगतो,” म्हणत आणि खोलीत जात. तिथं एका लाकडी पेटीत, कापसात गुंडाळलेली दोन थर्मामीटरं असत. एक कोरडं. दुसऱ्याच्या बुडाला मलमलची चिंधी बांधलेली, ती ते पाण्यात बुडवून घेत. दोन्ही सावलीत टांगून थोडा वेळ थांबत, मग डोळे बारीक करून आकडे वाचत आणि बाहेर येत. “कोरडा एकशे आठ. ओला त्र्याहत्तर. पस्तीसचा फरक हाय. हौ, गरम हाय.” तोवर विचारणारा निघून गेलेला असे. मिस्त्रींना त्याचं काही वाटत नसे. उत्तर विचारणाऱ्यासाठी द्यायचं असतं, असं ते मानतच नसत.

निजामाच्या अमलातली, दुसरी लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. सोनपेठच्या खाली, गोदावरीच्या काठी एक जहागीर होती. तिथल्या कचेरीत मी मुनशी होतो. वय चोवीस, अक्षर चांगलं, पाठीला बाक आधीपासूनच. जहागीरदारांना आम्ही सगळे सरकार म्हणायचो. शेजारच्या जहागीरदारानं मोटार घेतली होती. आमच्या सरकारांना त्याहून वेगळं काही हवं होतं म्हणून त्यांनी नाव बांधून घेतली. तीस हात लांब, वर लाकडी खोली, खोलीला पत्र्याचं छप्पर, आत गादी आणि लोड. उन्हाळ्यात नदी आटली तरी गावाखालच्या डोहात पुरुष-दोन पुरुष पाणी राहायचं. नाव त्या डोहात असायची. हैदराबादचे पाहुणे आले की त्यांना जेवणानंतर तिथं आराम करायला न्यायचं, असा बेत होता.

पहिले पाहुणे नावेत गेले आणि पाव घंट्यात बाहेर आले. पाण्यावर आहे म्हणजे गार असणार, असा सरकारांचा अंदाज होता. पत्र्याचा अंदाज वेगळा होता.

मग पूर्ण्याहून मिस्त्रींना बोलावलं. ते रेल्वेत होते. मोठ्या साहेबांच्या डब्यांना उन्हाळ्यात गारव्यासाठी वाळ्याच्या ओल्या ताट्या बसवायचं काम त्यांनी वीस वर्षं केलं होतं. पन्नाशीचे, सडपातळ, रेल्वेचा जाड काळा कोट अंगात. तो कोट त्यांनी वैशाखातही काढला नाही. मी एकदा कारण विचारलं. “बाहेरची गरमी आत येऊ नाई म्हणून,” ते म्हणाले. बाहेरच्या गरमीला आत जायला कोटाच्या भोकांतून जेवढी वाट होती तेवढी मला दिसत होती.

सरकारांनी त्यांना विचारलं, “क्या जी मिस्त्री, कितने दिन में ठंडी करते?”

“आधी ठरवावं लागंल, सरकार.”

“क्या ठरवना?”

“कशानं करायची.”

हे ठरवायला त्यांनी पंधरा दिवस घेतले. रोज नावेत बसून उदबत्ती लावायचे आणि धूर कुठं जातो ते बघायचे. दारापाशी एक, खिडकीपाशी एक, छपराखाली एक. गावात बातमी गेली की सरकारांनी नावेत देव बसवला. दोन बाया नारळ घेऊन आल्या. मिस्त्रींनी नारळ घेतले आणि त्यांच्या शेंड्या सोलून पाणी गाळायला वापरल्या. खोबरं किसन भोयाला दिलं.

किसन भोई हा नावेचा माणूस. त्याला गरमी-थंडीचं काही नव्हतं. नाव सरळ राहिली पाहिजे एवढंच त्याचं म्हणणं असे.

सरकारांच्या मनात बर्फ होता. त्यांनी कुणाच्या तरी बंगल्यावर बर्फाच्या लाद्यांवरून पंख्याचं वारं घेतलं होतं. मिस्त्री म्हणाले, बर्फ गाडीतून उतरून इथं बैलगाडीनं येणार, तो टिकणार नाही. सरकार म्हणाले, मागवा. मागवला. भुश्शात गुंडाळलेली, गोणपाटात शिवलेली मोठी लादी स्टेशनावरून निघाली. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी कचेरीसमोर उभी राहिली. मिस्त्रींनी गोणपाट उसवलं. आत ओला भुस्सा होता.

“बर्फ किधर है?” सरकारांनी विचारलं.

“वाटेत हाय, सरकार,” मिस्त्री म्हणाले. “सगळ्या वाटेत हाय.”

त्यानंतर वाळा की जवासा एवढाच प्रश्न उरला. जवाशाची काटेरी झुडपं नदीकाठाला फुकट मिळत. त्याची ताटी पाणी चांगलं धरते, पण पाला चार दिवसांत गळतो आणि झोपलेल्या माणसाच्या तोंडावर पडतो. वाळा महाग, पण टिकतो आणि वास देतो. मिस्त्री वाळ्याची जुडी हातात घेऊन मोडत, वास घेत, एक काडी चावत आणि बहुतेक वेळा व्यापाऱ्याला परत देत. “गेल्या सालचा हाय,” म्हणत. व्यापारी शपथ घेई. मिस्त्री म्हणत, “शपथ या सालची असंल. वाळा गेल्या सालचा हाय.”

ताट्या बसल्या. वारा यायचा त्या पश्चिमेच्या बाजूला तीन ताट्या, वर पाण्याची पन्हळ, पन्हळीला बारीक भोकं. पहिल्या दिवशी नाव पश्चिमेकडे कलली. ओल्या वाळ्याचं वजन कुणी धरलंच नव्हतं. किसननं दुसऱ्या बाजूला वाळूची पोती ठेवली. मग ताट्यांतून गळणारं पाणी नावेच्या बुडात साचून नाव सगळीच खाली बसायला लागली. किसन म्हणाला, “मिस्त्री, तुमी गार करायलाव का बुडवायलाव?”

“बुडाली तरी गारच व्हईल,” मिस्त्री म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. शक्यता सांगत होते.

ताट्यांखाली दुसरी पन्हळ लावून गळणारं पाणी बाहेर सोडलं. तरी आत घुसमट होतीच. सरकारांनी गारवा बाहेर जाऊ नये म्हणून पूर्वेच्या सगळ्या खिडक्या खिळ्यांनी बंद करून घेतल्या होत्या. मिस्त्रींनी पुन्हा उदबत्ती लावली. धूर ताटीपाशी येऊन उभा राहिला, पाहुणा दारात घुटमळावा तसा. मिस्त्रींनी खिळे काढले. सरकार ओरडले. मिस्त्री म्हणाले, “हवेला जायला वाट न्हाई दिली तर ती येत न्हाई, सरकार. माणसाचंबी तसंच हाय.”

वारा फिरला की नावही फिरवायची, असा त्यांचा हुकूम होता. दोन टोकांना दोन दोर बांधले, एक सैल करून दुसरा ओढला की नाव तोंड वळवी. वारा पडला तर त्यासाठी त्यांनी पंख्याचा पेटारा बनवला होता. माणसाच्या उंचीची लाकडी पेटी, आत चार पात्यांचं चाक, बाहेर लोखंडी मूठ. मूठ फिरवली की चाक ओल्या ताटीतून हवा ओढून आत फेकी. दोन माणसं आळीपाळीनं लागत.

आणि मग खरंच गार झालं. बाहेर एकशे दहा, आत ब्याऐंशी. पाहुणे आत गेले की बाहेर यायला तयार होईनात. सरकारांच्या मोटारवाल्या शेजाऱ्यानंसुद्धा दोनदा येऊन झोप काढली. मिस्त्री मात्र आत बसले नाहीत. बाहेर काठावर, उन्हात, कोट घालून गरम चहा पीत बसत. रोज संध्याकाळी ताट्या काढून उलट्या करून वाळवत. ओलीच ठेवली तर मुळांना बुळबुळीत थर चढतो, वास जातो, हवा जात नाही. ते स्वतःच्या पोराला अंघोळ घालावी तसं प्रत्येक ताटी धुवत. पोर त्यांना नव्हतं. बायकोही नव्हती. पूर्ण्याला एक विधवा बहीण होती, एवढंच आम्हाला माहीत होतं.

मृगाच्या तोंडावर एक दिवस आभाळ भरून आलं, पाऊस नाही, आणि नावेतला गारवा नाहीसा झाला. सरकार आत घामाघूम. मिस्त्रींना बोलावणं. मिस्त्रींनी ताट्या बघितल्या, पन्हळ बघितली, पेटारा बघितला. शेवटी थर्मामीटरं बघितली. “आज माझ्याच्यानं व्हनार न्हाई,” ते म्हणाले. “आज हवाच ओली हाय. ओल्या फडक्यानं ओलं पुसता येत न्हाई.”

“इत्ता पैसा डाल्या मैं!”

“पैसा बरोबर हाय, सरकार. हवा बरोबर न्हाई.”

सरकार हसले. त्या काळात ते मिस्त्रींवर हसत, कारण मिस्त्रींचं सगळं खरं निघत होतं.

पुढच्या वर्षी वैशाखात हैदराबादहून एक फार मोठे पाहुणे आले. त्यांचं पद मी सांगत नाही. सरकारांची वारसाहक्काची एक मिसल, म्हणजे फाईल, त्यांच्या सहीवाचून अडली होती, एवढं सांगतो. पाहुणे देहानं मोठे होते. सकाळी मगरीच्या शिकारीला गेले, मगर दिसली नाही, दुपारी भरपूर जेवले आणि नावेत जाऊन झोपले. सरकार वाड्यावर गेले. मी आणि मिस्त्री काठावर. वारा साफ पडला होता. पाहुण्यांची दोन माणसं पंख्याची मूठ फिरवत होती.

तेव्हा वाळवंटातून दोन धनगर पळत येताना दिसले. त्यांच्यामध्ये घोंगडीची झोळी होती. झोळीत बाई होती.

पुढचा बिरू. मेंढरं घेऊन ते पोखर्णीकडून चालत आले होते. काळ्या रानातून, सावली नाही. त्याची बायको रखमा सकाळपासून मेंढरांमागं होती. दुपारी बडबडायला लागली, मग पडली, मग बोलेना. गावात वैद्य नव्हते, परगावी लग्नाला गेले होते. कुणीतरी म्हणालं, सरकारांच्या नावेवर गारव्याचा माणूस आहे.

“डोहात बुडवून काढली दोन डाव,” बिरू म्हणाला. “तरी अंग तसंच हाय.”

मिस्त्रींनी तिच्या कपाळाला हात लावला. मीही लावला. तापलेल्या तव्याला लावावा तसा पटकन काढला. भिजवलेलं अंग वाटेतच वाळून कोरडं ठाक. घाम नाही. डोळे अर्धे उघडे, पण त्यांत कुणी नव्हतं.

“नुसतं पाणी टाकून भागत न्हाई,” मिस्त्री म्हणाले. “ओल्या अंगावर वारं पायजे. गार वारं. न्हाई तर जाती ही.”

मी नावेकडे बघितलं. मिस्त्रींनीही बघितलं. आतून पाहुण्यांचं घोरणं ऐकू येत होतं.

“सरकारांना विचारून येऊ का?” मी म्हणालो.

“किती वेळ लागंल?”

“जायला-यायला अर्धा घंटा.”

मिस्त्रींनी पुन्हा रखमेला हात लावला आणि फळीवरून नावेत चढले. मी मागोमाग.

“हुजूर,” त्यांनी पाहुण्यांना हाक मारली. तीन हाका लागल्या. पाहुणे उठून बसले.

“हुजूर, हवा बिघडलीय. दोन घंटे दुरुस्ती हाय. आत बसनं बरोबर न्हाई.”

पाहुण्यांनी हात पसरून हवा चाचपली. “ठंडी तो है!”

“तीच तर बिघाडाची निशानी हाय, हुजूर,” मिस्त्री म्हणाले.

एवढ्या गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की पाहुण्यांनी घाईनं चपला घातल्या. त्यांच्या माणसांनी त्यांना काठावरच्या बाभळीखाली नेऊन बसवलं. बाभळीची सावली म्हणजे सावलीची नुसती रेघ असते. पाहुणे त्या रेघेत मावत नव्हते.

तोवर बिरूनं रखमेला पाहुण्यांच्या गादीवर ठेवलं होतं. मिस्त्रींनी तिचं लुगडं ओलं ठेवायला सांगितलं, बिरूला तिच्या उशाशी बसवलं आणि मला म्हणाले, “मुनशीजी, मूठ धरा.”

मी जन्मात दौतीपेक्षा जड काही उचललं नव्हतं. किसन पन्हळीत पाणी ओतत होता, दुसरा धनगर बुडातलं पाणी उपसत होता, आणि मी मूठ फिरवत होतो. पेटारा कुरकुरत होता. मिस्त्री आतून ओरडत, “अजून जोरात! हवा आडवी जायलीय!” मग स्वतः खिडकी उघडत, एक ताटी तिरकी करत, पुन्हा हात लावून बघत. किती वेळ गेला मला माहीत नाही. माझ्या खांद्यात कळा येऊन गेल्या आणि नंतर खांदाच आहे असं वाटेनासं झालं.

मग मिस्त्रींचा आवाज आला, एकदम हळू. “थांबा. न्हाई, थांबू नका. हळू करा.”

मी फिरवत फिरवत मान आत घातली. रखमेच्या कानामागं, केसांच्या मुळाशी, घामाचा एक थेंब आला होता. मिस्त्री त्याच्याकडं वाकून बघत होते. थोड्या वेळानं दुसरा आला. मग गळ्यावर. मग तिनं डोळे नीट उघडले, छपराकडं बघितलं आणि विचारलं, “मेंढरं कुटं हायती?”

बिरू रडायला लागला. मिस्त्रींनी तिला उत्तर दिलं. “मेंढरं बाहेर हायती. बाहेर एकशे अकरा हाय.”

ती माझ्याकडं बघून म्हणाली, “बाबा, पानी.” मीच तिला पाणी दिलं. हे मुद्दाम सांगतो, पुढं कामाला येणार आहे.

फळीवर पावलं वाजली. बाभळीला कंटाळून पाहुणे परत आले होते. त्यांनी दारातून बघितलं. गादीवर ओली धनगरीण, शेजारी तिचा नवरा, त्याची घोंगडी लोडावर. पाहुणे मागं सरले. रुमालानं मान पुसली आणि गेले. उन्हं कलायच्या आत त्यांची गाडी गावाबाहेर पडली होती. वाड्यावर बिर्याणी तशीच राहिली. मिसलही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारांनी आम्हा दोघांना बोलावलं. ते ओरडत नव्हते. त्याची भीती जास्त होती.

“हवा बिघडी थी?”

“बिघाड व्हता, सरकार,” मिस्त्री म्हणाले.

“नाव में?”

मिस्त्रींनी थोडा विचार केला. थर्मामीटर बघताना करत तसा. “नावेत नव्हता. बाहेर व्हता.”

“मतलब मेहमान से झूट बोल्या.”

“हौ, सरकार.”

सरकार माझ्याकडं वळले. “मुनशी, तू भी था ना वहां? तेरेकु मालूम था?”

माझ्या घरी आई होती, दोन बहिणी लग्नाच्या होत्या. हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. त्या वेळी मला त्यांच्यापैकी कुणीही आठवलं नव्हतं. मी म्हणालो, “मी काठावर होतो, सरकार. आत काय चाललं होतं ते मला दिसलं न्हाई.”

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं नाही. ते खिडकीबाहेरचं झाड बघत होते. बहुतेक वारा कुठला आहे ते.

त्याच दिवशी त्यांना जायला सांगितलं. जाण्याआधी ते डोहावर गेले, तिन्ही ताट्या काढून धुतल्या, उन्हात उलट्या लावल्या, आणि किसनला पन्हळीची भोकं सुईनं कशी साफ करायची ते दाखवलं. मग लाकडी पेटी काखेत मारून सोनपेठच्या वाटेला लागले. मी कचेरीच्या खिडकीतून बघत होतो. बाहेर गेलो नाही.

सरकारांनी हैदराबादहून दुसरा माणूस आणला. तो अंगानं आणि बोलण्यानं भरदार होता. त्यानं ताट्यांना हिरवा रंग दिला. आठ दिवसांत वाळ्याला चिकट थर चढला, नावेत गटाराचा वास सुटला, आणि एका पाहुण्याला आत डास चावून ताप आला. माणूस म्हणाला, नदीच खराब आहे. सरकारांनी त्याला काढलं आणि मला म्हणाले, “मुनशी, पूर्णा जा. मिस्त्री कु लेके आ.”

मी गेलो. मिस्त्री घरी नव्हते. बहिणीनं स्टेशनावर धाडलं. फलाटाच्या टोकाला, तिसऱ्या वर्गाच्या उतारूंसाठी पाण्याचे रांजण ठेवले होते, तिथं ते होते. कोट अंगात. रांजणांना ओलं गोणपाट गुंडाळत होते आणि एकेक रांजण सरकवून वाऱ्याच्या तोंडाला आणत होते. कुणी सांगितलेलं काम दिसत नव्हतं.

मी नमस्कार केला. सरकारांचा निरोप सांगितला.

“ताट्या वाळवत व्हते का?” त्यांनी विचारलं.

“न्हाई.”

“मंग.” एवढं म्हणून त्यांनी पुढचा रांजण सरकवला. “मला यायला जमायचं न्हाई, मुनशीजी. हितं लय लोक उतरत्यात. ऊन पानी प्यावं लागतं त्यांना.” जरा थांबून म्हणाले, “ती बाई?”

“बरी हाय. मेंढरांमागं हिंडती.”

त्यांनी मान हलवली. परतीच्या गाडीला वेळ होता. ते मला बाकावर घेऊन बसले, चहा मागवला. चहा प्यायलो. मग मला राहवलं नाही.

“मिस्त्री, त्या दिवशी मी खोटं बोललो. मला सगळं दिसलं होतं.”

“ठाऊक हाय.”

“सरकारांना खरं सांगितलं असतं तर—”

“सरकारलाबी ठाऊक व्हतं,” ते म्हणाले. “तुमच्या दोनी हातांला फोड आले व्हते की. त्यांनी तुमचे हातच बगितले आधी. मंग विचारलं.”

मी तळहातांकडं बघितलं. फोड केव्हाच गेले होते. “मग त्यांनी मला ठेवलं कामून?”

मिस्त्रींनी या प्रश्नाचा खरोखर विचार केला. “कचेरी चालवायला कुनीतरी लागतं,” ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

ऊन फलाटाच्या छपराखालून सरकत सरकत बाकाच्या माझ्या टोकापर्यंत आलं. मिस्त्री उठले, माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि म्हणाले, “तुमी माझ्या जागी सरका. तिकडं ऊन यायलंय.”

मी सरकलो. ते उन्हात बसले.